पंखा थांबेपर्यंत

"ताई, ह्यो माणूस कोण?"

भागोजीने लग्नपत्रिका काउंटरवर ठेवली आणि खालच्या कोपऱ्यावर बोट टेकवलं. दमयंती कागदाचं नवं रीम फोडत होती. कात्री बाजूला ठेवून तिने गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला.

पत्रिका तिच्याच दुकानात छापलेली होती. वर गणपती, मधे चि. सौ. कां. दिशा आणि चि. संदेश यांची नावं, खाली मुहूर्त आणि मांडवाचा पत्ता. सगळं जागच्या जागी होतं. फक्त डावीकडे खाली, 'आपले नम्र'च्या शेजारच्या मोकळ्या जागेत काहीतरी पुसट उमटलं होतं. तिला आधी तो डाग वाटला, चहाचा ओला कप ठेवून उचलल्यासारखा. तिने पत्रिका उजेडाकडे तिरपी धरली आणि डागात कपाळ दिसायला लागलं. मग चष्म्याची एक काच. मग मिशी.

"आमच्या घरात असा कोण नाय," भागोजी म्हणाला. "नवऱ्याच्या घरातपण नाय. मी फोन करून इचारला."

दमयंतीने पत्रिका काउंटरवर ठेवली. "माहीत नाही," ती म्हणाली.

"देवाजवळ ठेवायला म्हणून वरची पत्रिका काढली, नि नेमका तिच्यावरच ह्यो. खालच्या तीन-चारांवरपण हाय, जरा पुसट. बाकीच्या बऱ्या हायत. पण माझ्या आयेनं सांगितलान, ह्या गठ्ठ्यातली एकपण वाटायची नाय."

भागोजी रत्नागिरीत एका सरकारी कचेरीत शिपाई होता आणि रोज संगमेश्वराकडच्या आपल्या गावाहून एसटीने येऊन-जाऊन करायचा. पोरीच्या लग्नाच्या पत्रिका त्याने ऑफिसजवळचं दुकान म्हणून इथे टाकल्या होत्या. तो आवाज चढवत नव्हता. साहेबांच्या टेबलासमोर उभं राहावं तसा हात मागे बांधून उभा होता, आणि दमयंतीला त्याचंच जास्त अवघड वाटलं. तो भांडला असता तर काय बोलायचं ते तिला सुचलं असतं.

"मी भांडायला नाय आलो," तोच म्हणाला. "फक्त सांगा, ह्यो कोण, नि आमच्या पोरीच्या पत्रिकेवर कसा आला?"

कसा आला ते तिला खरंच ठाऊक नव्हतं. कोण, ते तिला ठाऊक होतं असं वाटत होतं, पण एवढ्याशा पुसट खुणेवरून ते तोंडाने कसं बोलायचं? त्या कपाळावर तिने महिनोन्‌महिने ओला रुमाल फिरवला होता. की तिला आता कुठल्याही कपाळात तेच दिसायला लागलं होतं?

"मी सगळ्या पुन्हा छापून देते," ती म्हणाली. "आठवडाभर द्या मला. मशीन दाखवून घेते आधी."

"चालेल. वैशाखात हाय लगीन." त्याने पत्रिका उचलून खिशात घातली.

"ही राहू दे ना माझ्याकडे. मेकॅनिकला दाखवायला."

"नको. आय म्हणते, असतील तितक्या घरी परत आण." एसटीची वेळ झाली म्हणून तो निघाला. पायरीवरून त्याने एकदा मागे वळून बघितलं. तिच्याकडे नाही, मशीनकडे.

आठवडा बाजाराकडून खाली उतरणाऱ्या रस्त्यावरचं हे दुकान विनीत शेट्येचं. विनीत म्हणजे दमयंतीचा नवरा. सुरुवातीला तिथे नुसतं झेरॉक्स होतं, कोर्टाचे कागद आणि कॉलेजच्या पोरांच्या नोट्स. मग विनीतने रंगीत छपाईचं मोठं मशीन घेतलं आणि लग्नाच्या पत्रिका, आंब्याच्या पेट्यांवरची लेबलं, बारशाची, वास्तुशांतीची आमंत्रणं असं सगळं काम यायला लागलं. दमयंती कापणं, घडी घालणं, लॅमिनेशन बघायची. मशीनला हात विनीतचा. तिने कधी काही विचारलं तर तो म्हणायचा, "तू हिशोब सांभाळ, हिला मी सांभाळतो."

मग त्याची फुप्फुसं आजारली. हळूहळू कडक होत जातात, असं डॉक्टरांनी सांगितलं. तो घरी राहिला, दमयंती घर आणि दुकान दोन्हीकडे धावायला लागली, आणि मागच्या मे महिन्यात तो गेला. मुलगी उर्वी नवी मुंबईत नर्स आहे. तिने तेव्हाच म्हटलं होतं, मशीन विकून टाक आणि माझ्याकडे ये. दमयंतीने ऐकलं नाही. मशीन ती बघून-बघून शिकली होती, तेवढ्यावर तिने दुकान चालवलं. पावसाळा गेला, दिवाळी गेली.

यंदा फाल्गुनात पहिली तक्रार आली. अपूर्व नावाचा एक तरुण बागायतदार पेट्यांची लेबलं छापायला यायचा. त्याने लेबलं परत आणली. आंब्याच्या चित्राखाली, जिथे त्याचा फोन नंबर होता, तिथे आणखी एक आंबा उमटला होता. फिका, सावलीसारखा. "काकू, हा दुसरा आंबा मी दिला नव्हता," तो हसत म्हणाला. पुढच्या वेळी तो आला नाही. मग कुणाच्या कागदावर आडव्या रेघा, कुणाच्यावर रंगाच्या पावडरीच्या बारीक गुठळ्या. सगळ्यांत वाईट म्हणजे ते रोज व्हायचं नाही. दोन दिवस छपाई आरशासारखी यायची आणि तिसऱ्या दिवशी दुपारी अचानक घाण.

भास्कर पाथरे हा मशीनचा मेकॅनिक. पन्नाशी ओलांडलेला, थोडा पोक काढून चालणारा. मिरजोळ्याला औद्योगिक वसाहतीत त्याचा एक गाळा होता आणि खेडपासून राजापूरपर्यंतची मशीनं तो बघायचा. विनीतच्या वेळेपासून त्याचं येणं-जाणं होतं. फाल्गुनापासून तो किती वेळा येऊन गेला असेल. आला की मशीनची दारं उघडायची, रोलर पुसायचे, पावडरीचे डबे हलवून बघायचे आणि मग एकामागून एक कागद काढायचे.

तो कागद काढायला लागला की दमयंती उठून शेजारी जायची. शेजारी लीलाकाकूंचं फुलांचं दुकान होतं. तिथे ती वेण्या करायला बसायची. थोड्या वेळाने भास्कर हाक मारायचा.

"वैनी, बघा. काय वाईट आहे ह्यात?"

काहीच वाईट नसायचं. कागद स्वच्छ.

"कागद दमट होतोय," एकदा त्याने सांगितलं. "खाऱ्या हवेचा त्रास." मग कागद पत्र्याच्या डब्यात ठेवायला लागले. तरी तेच. "अर्थिंग बघायला हवं." वायरमन येऊन गेला. तरी तेच. भास्करने आतला छपाईचा ड्रम बदलला, पंखे तपासले. पंखे झकास होते. मग तो स्टुलावर बसून मशीनकडे नुसता बघत राहिला. "च्यायला, मी आलो की शहाण्यासारखं वागतंय हे," तो स्वतःशीच म्हणाला.

लीलाकाकूंचं म्हणणं वेगळं होतं. "दमू, एकदा नारळ ठेव गो देवळात. गाऱ्हाणं घाल. त्याचा जीव होता त्या मशीनमध्ये."

"काकू, मशीन आहे ते."

"मी कुठे नाय म्हणते? पण ठेवायला काय जातंय?"

दमयंतीने नारळ ठेवला नव्हता. भागोजी गेल्यावर मात्र तिला वाटलं, ठेवायला हवा होता का?

त्या संध्याकाळी तिने कॉम्प्युटरवर भागोजीच्या पत्रिकेची फाइल उघडली. तिचीच चूक असेल, चुकून फोटो चिकटला असेल, म्हणून पुन्हा पुन्हा बघितली. फाइलमध्ये गणपतीशिवाय कुणीच नव्हतं. मग तिला आठवलं. त्या सकाळी पत्रिका छापायच्या आधी तिने विनीतच्या वर्षश्राद्धाची कार्डं काढली होती. 'प्रथम पुण्यस्मरण', मधे त्याचा चष्मा लावलेला फोटो. ती कार्डं छापून, मोजून, पिशवीत घालून तिने घरी नेली होती. मग तो मागे कसा राहिला? कागद तर बाहेर आले होते. तिने मशीनच्या कागद बाहेर येणाऱ्या फटीत वाकून बघितलं. आत काळोख होता आणि तापलेल्या प्लास्टिकचा वास.

उर्वीचा फोन आला तेव्हा ती तशीच वाकलेली होती.

"आई, कसला आवाज गं तुझा? काय झालं?"

"काही नाही. लग्नाच्या पत्रिका बिघडल्या एका माणसाच्या."

"परत? आई, ऐक ना माझं. मशीनला गिऱ्हाईक मिळतंय तोवर दे. बाबांना जमायचं ते. तू कशाला जीव काढतेस?"

"त्या पत्रिकेवर बाबा होते," असं म्हणायला दमयंतीने तोंड उघडलं आणि मिटलं. नर्स असलेली मुलगी. ती आधी रात्री झोप लागते का विचारील, मग गोळ्या विचारील. "बघते," ती म्हणाली.

भास्करला मात्र तिने सांगितलं. सांगताना आपण लीलाकाकूंसारखं बोलतोय असं तिला वाटत राहिलं. भास्करने मान खाली घालून ऐकून घेतलं.

"पत्रिका आहे ती?"

"नेली त्याने परत."

"वैनी, रागावू नका. एका कागदाचा माल दुसऱ्यावर उतरतो, नाही असं नाही. पण माणूस ओळखण्याइतका? डाग असेल. तुम्हाला तसा दिसला असेल."

"त्यालाही दिसला ना! तोच विचारत आला, हा कोण म्हणून."

भास्करने डोकं खाजवलं. "मग मला नाय समजत," तो म्हणाला. इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून हे वाक्य तिने पहिल्यांदाच ऐकलं.

दुसऱ्या दिवशी टेम्पो आणून तो मशीन मिरजोळ्याला घेऊन गेला. भिंतीलगत मशीनच्या जागी फरशीचा एक स्वच्छ चौकोन उरला. दुकान एकदम मोठं आणि गप्प झालं. दमयंती जुन्या काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर कोर्टाचे कागद काढत बसली. आलेल्या गिऱ्हाइकांना रंगीत बंद आहे म्हणून सांगताना तिला हायसं वाटत होतं, आणि हायसं का वाटतंय ते कळत नव्हतं.

भास्करने मशीन परत आणलं तेव्हा सोबत छापलेल्या कागदांची अख्खी थप्पी होती. फुलं, चेहरे, देवळं, आंबे, सगळं लखलखीत. "गाळ्यात सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालवलंय," तो म्हणाला. "एक डाग दाखवा, मी धंदा सोडतो."

त्यानंतरच्या सकाळी तिने भागोजीच्या पत्रिका लावायच्या आधी एका दवाखान्याच्या पाट्या छापल्या. ठळक लाल अक्षरांत 'कृपया शांतता राखा'. मग एका बाईंचं भिशीचं कार्ड छापलं. कार्डाच्या तळाशी फिक्या गुलाबी अक्षरांत 'शांतता' उमटली.

दमयंतीने ते कार्ड कुणाला दिसायच्या आत उलटं ठेवलं आणि भास्करला फोन लावला. "तुमच्याकडे नीट चालतं," ती म्हणाली. "तुम्ही असलात की चालतं. मी असले की बिघडतं. माझ्या हाताला काहीतरी आहे, भास्करभाऊ."

"मी येतो," तो म्हणाला.

आल्यावर त्याने मशीनला हात लावला नाही. काउंटरच्या आत स्टूल ओढून बसला. "आज मी काय करणार नाय. तुम्ही नेहमी जसं करता तसं करा. मी नाहीच असं समजा. नि आज लीलाकाकूंकडे जायचं नाय."

तिला संकोच वाटला. कुणीतरी आपलं जेवण बघत बसावं तसं. पण एक गिऱ्हाईक पेट्यांची लेबलं घेऊन आलं आणि तिचे हात नेहमीसारखे चालू लागले. तिने टेबलाखालचं बटण दाबून मशीन सुरू केलं, ते तापायची वाट बघितली, कागद झटकून खोक्यात बसवला, छपाई लावली. मशीन खडखडत कागद बाहेर टाकत होतं. शेवटचं लेबल पडलं. खडखड थांबली आणि आत मागच्या बाजूला फक्त पंख्याची संथ घरघर उरली. दमयंती लेबलं जुळवत होती. तिने खाली बघितलंही नाही. पायाने पाट सरकवावा इतक्या सहज तिचा हात टेबलाखाली गेला आणि बटण दाबलं गेलं. दुकान शांत झालं.

गिऱ्हाईक लेबलं घेऊन गेलं. भास्करचा चहाचा ग्लास तोंडाशी तसाच थांबला होता.

"वैनी, आत्ता काय केलंत?"

"काय?"

"मशीन बंद केलंत."

"झालं ना काम."

"दर वेळी करता? प्रत्येक कामानंतर?"

"हो." ती गोंधळली. "नाही करायचं?"

भास्करने ग्लास खाली ठेवला. उठून मशीनचं बाजूचं दार उघडलं. "इकडे या. हात लावू नका, नुसता जवळ धरा."

तिने तळहात जवळ नेला. आतून भाकरीच्या तव्यासारखी धग आली.

"आतमधे इस्त्रीसारखा तापलेला रोलर आहे. पावडर त्याच्यानेच वितळून कागदावर बसते. कागद संपले तरी तो तापलेलाच असतो. मागचा पंखा ती धग बाहेर काढत राहतो. तुम्ही बटण दाबलंत की पंखा मेला आणि धग आतच कोंडली. थंडीत, थोड्या कामाला ते खपतं, उन्हाळ्यात मोठ्या कामाला नाही. मग पावडर चिकट होते, गुठळ्या धरते. रोलर नको इतका तापलेला असतो, त्याला रंग धरून बसतो, आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या कागदावर उतरतो. अक्षर असलं तर अक्षर. फोटो असला तर..." तो थांबला. "त्या दिवशी डाग नव्हता तो. चुकलंच माझं."

दमयंती उघड्या दारातून आत बघत राहिली.

"मी आलो की मशीन चालू ते चालूच. पंखा फिरतोय, मशीन थंड. गाळ्यात तेच. मला दिसणार कसं?" भास्कर आता हसायला लागला होता, सुटल्यासारखा. "मी आपला ड्रम बदलतोय, अर्थिंग बघतोय! पण वैनी, बंद का करायचात? बिलासाठी?"

हो म्हटलं असतं तर तिथेच संपलं असतं. त्याने मान डोलावली असती, मशीन पुसलं असतं आणि गेला असता.

"बिलासाठी नाही," ती म्हणाली. "मला तो आवाज ऐकवत नाही."

"कसला? पंख्याचा?"

"छापत असताना काही वाटत नाही. खडखडीत मिसळून जातो. पण काम संपलं आणि तो एकटाच वाजायला लागला की..." तिने पदराने हात पुसले. हात कोरडेच होते. "यांना घरी ऑक्सिजनचं मशीन लावलं होतं ना. तुम्ही आला होतात तेव्हा पलंगाशेजारी होतं बघा. अगदी तसाच आवाज."

भास्करचं हसणं थांबलं होतं. तो स्टुलावर बसला.

"त्या दिवशी दुपारी मी घरी गेले. शेंगा घेऊन त्यांच्या उशाशी बसले, मोडायला. मशीन चालू होतं. आमचं ठरलेलं होतं, की ते चालू आहे म्हणजे सगळं ठीक आहे. मी दुकानातलं सांगत होते त्यांना. एक वकील येऊन नोटिशीच्या प्रती घेऊन गेले, एका पोराने पेन पळवलं, असलंच काहीतरी. मधेच म्हटलंसुद्धा, ऐकताय ना? ते डोळे मिटून होते. झोप लागली असेल म्हणून मी हळू आवाजात बोलायला लागले." ती थांबली. "किती वेळ बोलत होते कोण जाणे, भास्करभाऊ. शेंगा सगळ्या मोडून झाल्या होत्या. नंतर डॉक्टर आले, त्यांनी बघितलं आणि मला म्हणाले, ते बंद करा आता. मशीन तसंच चालू होतं. मीच बंद केलं. कुठलं बटण ते डॉक्टरांना माहीत नव्हतं."

रस्त्यावरून एक टेम्पो हॉर्न वाजवत गेला. भास्करने ग्लास उचलून तळाचा चहा संपवला. मग तो मेकॅनिकसारखंच बोलला.

"मशीन आतल्या खोलीत सरकवू का? भिंत आहे मधे."

"ऐकू येईल तरी."

"पंख्याचा वेग कमी करून देता येत नाही असं नाही. पण केला तर पुन्हा तेच होणार. छपाई जाणार."

"नको. किती वेळ चालतो तो?"

"तसं ठरलेलं नाही. आतली उष्णता बघत असतो. कमी काम असलं तर लवकर, जास्त असलं तर जरा वेळाने. थंड झालं की आपला आपण थांबतो. तुम्ही काय करायचं नाही."

"काहीच नाही करायचं?"

"काहीच नाही."

तिला ते पुन्हा एकदा विचारावंसं वाटलं. भास्करने रोलर साफ केले, गुठळ्या झालेली पावडर काढून टाकली, दारं लावली. "मी बसू का आज?" त्याने विचारलं.

"खेडला जायचंय ना तुम्हाला? जा. मी बघते."

तो पायरी उतरला, पुन्हा वर आला. "विनीतला माहीत होतं हो हे. पंखा थांबेपर्यंत तो मुख्य बटणाला हात लावायचा नाही. तुम्हाला सांगायचं राहिलं असेल." आणि तो गेला.

दुपारी गिऱ्हाईक नसतं. दमयंतीने भागोजीच्या पत्रिका लावल्या. जाड कागद, एकेक पत्रिका सावकाश बाहेर येत होती. गणपती, दिशा, संदेश, मुहूर्त. ती समोर उभी राहून प्रत्येकीचा डावा कोपरा बघत होती. कोपरा कोरा होता. मग शेवटची पत्रिका आली आणि खडखड थांबली.

पंखा सुरू राहिला.

ती स्टुलावर बसली. हात मांडीवर ठेवले. पहिल्यांदा तिने तो आवाज नुसता आवाज म्हणून ऐकायचा प्रयत्न केला, पण ते जमलं नाही. लगेच ती खोली आली, औषधांचा वास आला, शेंगांची परडी आली. आपण आता काही बोलायला लागू अशी तिला भीती वाटली. तिचा उजवा हात उठून टेबलाखाली गेला, बटणावर टेकला. बटण गुळगुळीत होतं. तिने हात तिथेच ठेवला. दाबला नाही, काढलाही नाही.

"दमू, चहा घेतेस गो?" लीलाकाकूंनी शेजारून विचारलं. 

हे कधी संपणार? भास्कर काय म्हणाला, आपला आपण थांबतो? की तिने ऐकलंच तसं? थंड झालंय हे त्याला कळणार कसं? घरघर चालूच होती. कितीतरी वेळ ती तशीच एका सुरात चालू राहिली आणि मग, दमयंतीचं लक्ष क्षणभर रस्त्यावरच्या कुणाच्या तरी बोलण्याकडे गेलं तेव्हा, आवाज उतरायला लागला. उतरता उतरता बारीक झाला. थांबला.

ती तशीच बसून राहिली. हात बटणावरच होता. बटण चालूच होतं, हिरवा दिवा लागलेला होता, आणि तरी सगळं शांत होतं. तिला हलकं वाटायला हवं होतं. तसं वाटत नव्हतं. मशीन बरं झालं, दुकान राहील, उर्वीला सांगता येईल, हे सगळं एका बाजूला होतं. आणि आता तो चेहरा पुन्हा कुठल्या कागदावर येणार नाही, हे दुसऱ्या बाजूला. यातलं कुठलं आपल्याला हवं होतं हेच तिला नीट कळेना. ती उठली आणि शेजारी चहा प्यायला गेली.

भागोजी ठरल्या दिवशी ऑफिस सुटल्यावर आला. दमयंतीने गठ्ठा त्याच्यापुढे ठेवला. त्याने वरची पत्रिका घेतली, उजेडात धरली. मधली घेतली, खालची घेतली.

"आता बऱ्या झाल्या," तो म्हणाला. "मशीनला काय झालेला?"

"पंखा मी मधेच बंद करत होते. त्यामुळे आधीच्या कागदावरचं पुढच्यावर उतरायचं." मग ती म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही विचारलंत आणि मी माहीत नाही म्हटलं. ते माझे मिस्टर होते. वर्षश्राद्धाची कार्डं काढली होती मी, तुमच्या आधी."

भागोजीने पत्रिका गठ्ठ्यावर नीट ठेवली. "हां," तो म्हणाला. त्याला फार आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. "आय तेच म्हणत होती. कोणाच्या तरी घरचा माणूस हाय."

"त्या पत्रिका..." दमयंतीने विचारलं. "फेकल्यात का?"

"फेकू कशा? चुलीतपण नाय घातल्या. आयेनं सांगितलान, संगमावर न्या, नदीत सोडा. काल सकाळी नेल्या, चेहरा होता तेवढ्याच. वर चाफ्याची फुला ठेवली."

"पाणी होतं?"

"ह्या दिवसांत कसला पाणी! काठाला नुसते धोंडे. मी म्हटला इथनंच सोडू. पण दिशा ऐकली नाय. लग्नाची पोर, पण साडी वर खोचलान, धोंड्याधोंड्यातनं मधल्या धारेपर्यंत गेली नि तिनंच सोडल्यान. घोट्याच्या वर भिजून आली." तो जरा हसला. "हळूहळू गेल्या. वळणापर्यंत दिसत होत्या."

दमयंतीने खालच्या खणातून सुतळी काढली. गठ्ठा कागदात गुंडाळला, सुतळी आडवी-उभी घेतली आणि गाठ मारली. गाठ सैल बसली म्हणून सोडली, आणि पुन्हा बांधायला घेतली. भागोजी थांबून राहिला. त्याची एसटी चुकत होती, पण त्याने पुढे होऊन गाठीवर बोट धरलं.